पीडीएफ संचिकांचे संक्षेपण : घोस्टस्क्रिप्टची कार्यपद्धती आणि अभिलेखांची विश्वसनीयता

प्रस्तावना :
अडोबी कंपनीने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पीडीएफ या संचिका-प्रकारास २००८ मध्ये आयएसओ ३२००० या आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. आज महाविद्यालयीन कामकाजातील गुणपत्रके, इतिवृत्ते, प्रमाणपत्रे व शोधनिबंध प्रामुख्याने याच स्वरूपात जतन केले जातात आणि पाठविले जातात. संकेतस्थळांवर संचिकेच्या आकारमानास मर्यादा असल्याने ती लहान करण्याची गरज वारंवार भासते. मात्र संक्षेपण ही केवळ तांत्रिक क्रिया नसून दस्तऐवजातील काय राखावे व काय सोडावे याविषयीचा तो निर्णय असतो. प्रस्तुत लेखात घोस्टस्क्रिप्ट या आज्ञावलीच्या आधारे या निर्णयाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

१. आकारमान कशामुळे वाढते?
टंकलिखित मजकूर असलेल्या पीडीएफमध्ये अक्षरे संकेतांच्या रूपात साठविली जातात. त्यामुळे अशी संचिका सहसा लहानच असते. स्कॅन केलेले पान मात्र एक चित्र असते. ए-४ आकाराचे पान प्रति इंच ३०० बिंदूंनी स्कॅन केल्यास २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू तयार होतात. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक बिंदूस तीन बाइट लागतात. म्हणजे संक्षेपणापूर्वी एकाच पानाचे आकारमान सुमारे २६ मेगाबाइट होते. तेच पान करड्या छटांत सुमारे ८.७, तर निव्वळ कृष्णधवल स्वरूपात सुमारे १.१ मेगाबाइट भरते. यावरून असे दिसते की, आकारमानाचा प्रश्न बऱ्याच अंशी स्कॅन करतेवेळीच सोडविता येतो.

२. घोस्टस्क्रिप्टची कार्यपद्धती
एल. पीटर डॉइच यांनी विकसित केलेली घोस्टस्क्रिप्ट ही आज्ञावली १९८८ मध्ये प्रथम उपलब्ध झाली. ती मुक्त परवान्याखाली मिळते आणि वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावर चालते. त्यामुळे विद्यार्थ्यांची खासगी माहिती असलेले दस्तऐवज अन्य संकेतस्थळावर चढवावे लागत नाहीत. ती मूळ संचिकेत बदल करीत नाही, तर ती वाचून नवी संचिका लिहिते. साहजिकच मूळ संचिकेवरील अंकीय स्वाक्षरी नव्या संचिकेत वैध राहत नाही.

तिच्या सिद्ध पर्यायांपैकी ‘स्क्रीन’ हा पर्याय रंगीत व करड्या चित्रांची घनता प्रति इंच ७२ बिंदूंपर्यंत, ‘ईबुक’ १५० पर्यंत आणि ‘प्रिंटर’ ३०० पर्यंत उतरवितो. घनता निम्मी झाली की बिंदूंची संख्या एकचतुर्थांश होते. ३०० वरून ७२ वर आल्यास ती सुमारे सतरावा हिस्सा उरते.

३. देवनागरी मजकुराचा प्रश्न
१२ पॉइंट आकाराच्या अक्षरास ३०० घनतेत ५० बिंदूंची उंची मिळते, ७२ घनतेत केवळ १२ बिंदूंची. एवढ्याशा जागेत शिरोरेषा, मात्रा, रफार व अनुस्वार बसवावे लागतात. अनुस्वाराच्या वाट्यास एखाद-दुसराच बिंदू येतो आणि तो सहज पुसट होतो. शिवाय एकदा गमावलेला तपशील पुढे घनता वाढवूनही परत मिळत नाही. म्हणून स्कॅन केलेल्या मराठी दस्तऐवजांसाठी ‘स्क्रीन’ हा पर्याय अयोग्य ठरतो.

४. न दिसणारी चूक
धूसर अक्षर वाचकास निदान सावध तरी करते. सुस्पष्ट पण चुकीचा अंक सावध करीत नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांत असाच दोष दाखवून दिला. एका बांधकाम आराखड्यातील तीन खोल्यांची भिन्न क्षेत्रफळे प्रतीत १४.१३ चौरस मीटर अशी एकसारखी उमटली होती. जेबीआयजी-२ या पद्धतीत सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांपैकी एकच साठवून ती इतरत्र वापरता येते. त्या साम्याचा निर्णय चुकल्याने एका अंकाच्या जागी दुसरा आला. कंपनीने पुढे दुरुस्ती उपलब्ध करून दिली. तथापि गुणपत्रकात ६ च्या जागी ८ उमटल्यास काय होईल, याचा विचार प्रत्येक अध्यापकाने करावयास हवा.

निष्कर्ष :
१) मूळ स्कॅन स्वतंत्रपणे जतन करावा, संक्षेपित प्रत केवळ पाठविण्यासाठी वापरावी.
२) निव्वळ मजकुराची पाने शक्यतो कृष्णधवल स्वरूपात ३०० घनतेने स्कॅन करावीत.
३) रंगीत वा करड्या पानांसाठी ‘ईबुक’ पर्यायाने आरंभ करून अनुस्वार व अंक मूळ प्रतीशी ताडून पाहावेत.
४) एकदा संक्षेपित केलेली प्रत पुन्हा संक्षेपित करू नये, प्रत्येक वेळी मूळ प्रतीकडेच जावे.
५) अंकीय स्वाक्षरी संक्षेपणानंतरच करावी.

सारांश, संचिका किती लहान झाली यापेक्षा तिच्यातील नोंद तशीच राहिली काय, हीच संक्षेपणाची खरी कसोटी होय.