या गोळीला पथ्य नाही

दिघीहून एका वाचक भगिनींनी विचारलं आहे की, तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर पपई, तीळ, गूळ असलं ‘उष्ण’ खाणं वर्ज्य करायचं का? उत्तर एका ओळीचं आहे: या गोळीला पथ्य नाही. पण शंकेच्या मुळाशी समजूत आहे ती अशी, की गोळी काहीतरी ‘पाडते’ आणि उष्ण पदार्थ त्याला हातभार लावतात. गोळीतलं 1.5 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल बीजकोशातून बीज बाहेर पडणं लांबवतं, एवढंच. रुजलेला गर्भ ते पाडत नाही. मग पपईने मदत होण्याचा प्रश्न नाही, अपाय होण्याचाही नाही. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांचं गर्भाशय आकुंचन पावतं हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण त्या भरवशावर गोळीऐवजी पपई खाणाऱ्या बाईचे हातचे तास जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1998च्या अभ्यासात पहिल्या 24 तासांत घेतलेल्या गोळीने संभाव्य गर्भधारणांपैकी 95 टक्के टळल्या, 49 ते 72 तासांत घेतलेल्या गोळीने 58 टक्केच. म्हणून जेवणासाठीही थांबू नये. मळमळत असेल तर चार घास पेज पोटात घालावी. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर मात्र पुन्हा घ्यावी लागते.

कोणी म्हणेल, ग्रेपफ्रूट औषधांच्या आड येतं हे तर सिद्ध आहे, आणि आपलं पपनस त्याच्याच कुळातलं. खरं आहे. पण हे फळ औषध मोडणाऱ्या विकरांना आवरतं, म्हणजे औषध रक्तात टिकतं. गोळी निकामी होत नाही. धोका आहे तो याच्या उलट, विकरांना जोर चढवणाऱ्या औषधांचा, आणि त्यात पहिलं नाव रिफाम्पिसिनचं. क्षयरोगाच्या उपचारात लघवी तांबूस-नारिंगी होते ती यामुळेच. हे औषध चालू असताना, आणि थांबल्यावरही सुमारे चार आठवडे, एक गोळी अपुरी पडू शकते. फिट्सवरच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइनचंही तसंच. पण ताटातल्या पपईची चौकशी होते, रोजच्या औषधाची होत नाही. 2005 पासून ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, ते योग्यच झालं. मात्र त्यामुळे हा प्रश्न विचारणारं समोर कोणी असेलच असं नाही.

तेव्हा दिघीच्या भगिनींनो, गोळीसाठी फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून मुरूडला जा, बोर्ली पंचतनवरून श्रीवर्धन गाठा किंवा आशाताईंना विचारा, पण चालू औषधं आधी सांगा. क्षयाची किंवा फिट्सची औषधं आपल्या मनाने बंद करू नका. दुप्पट मात्रा की तांबी (कॉपर-टी), हे डॉक्टर ठरवतील. तांबी पाच दिवसांपर्यंत बसवता येते आणि रिफाम्पिसिनने तिचं काही बिघडत नाही.