बारक्या लेकराचे दूध

लेकरू जन्माला आले की घरातली आजी ते हातावर घेते आणि म्हणते, "लई हलकं हाय गं." आजीचा हात पुष्कळदा खरे सांगतो. पण सगळ्यांचे हात सारखे नसतात, म्हणून काटा लागतो. जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी भरले, तर ते लेकरू कमी वजनाचे समजावे.

आपल्याकडे अशी लेकरे थोडी नाहीत. कन्नड-पैठणकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. पोटुशी बाई डोक्यावर मोळ्या वाहते. अर्धपोटी राहते. अंगात रक्त कमी असते. मग लेकरू दिवस भरण्याआधीच येते, किंवा दिवस भरूनही बारीक राहते. त्यात थंडीचे दिवस आणि कोपीतले बाळंतपण. अशा लेकराला पहिले दोन-तीन दिवस फार जपावे लागते. ते का, हे आता पाहू.

पोटात असताना लेकराला नाळेतून साखर मिळते. ही रक्तातली साखर, दुकानातली नव्हे. चुलीला जसे सरपण, तशी मेंदूला ही साखर. नाळ कापली की हा पुरवठा तिथेच थांबतो. भरल्या अंगाच्या लेकराने आपल्या काळजात, म्हणजे यकृतात, थोडी साखर साठवलेली असते. कातडीखाली चरबी असते. आईला दूध उतरेपर्यंत ते त्यावर निभावते. बारक्या लेकराची कणगी मात्र जवळजवळ रिकामी. शिवाय ते लवकर गार पडते, आणि अंग गरम ठेवण्यात होती ती साखरही जळून जाते.

दवाखान्यात टाचेतून थेंबभर रक्त काढून ही साखर मोजतात. शंभर मिलिलिटर रक्तात ती ४५ मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर कमी धरतात. साखर उतरली की लेकरू मलूल पडते. दूध ओढत नाही. हातपाय थरथरतात. रडणे बारीक होते. कधी झटके येतात. आणि पुष्कळदा तर काहीच दिसत नाही! घरचे म्हणतात, "किती गुणाचं, रडतच नाही." आणि लेकरू साखर उतरून सुस्तावलेले असते. असे फार वेळ राहिले तर मेंदूला जन्माची इजा होऊ शकते.

म्हणून लेकरू जन्मल्यापासून तासाभरात आईच्या छातीशी लावावे. पहिले पिवळे दूध म्हणजे चीक. गाईचा चीक आपण आवडीने खातो, आणि बाईचा पिळून टाकतो! तो टाकू नये.

इथे आजी हमखास विचारते, "साखरच कमी हाय ना? मग गुळाचं पाणी पाजते की."

आशाताई सांगते, "नको आजी. त्या पाण्यानं इवलंसं पोट भरतं, मग ते दूध ओढत नाही. वरून हगवणीची भीती. मध आणि घुटीपण नको. आईच्या दुधात साखर हाय, चरबीबी हाय."

आजीचा प्रश्न खुळा नाही, हे खरे. पण उत्तर दुधातच आहे.

बारके लेकरू भूक लागली म्हणून रडेल, याची वाट पाहू नये. दर दोन तासांनी त्याला उठवून पाजावे. रात्रीसुद्धा. त्याला ओढता येत नसेल, पण गिळता येत असेल, तर हात धुऊन दूध स्वच्छ वाटीत पिळावे आणि चमच्याने थोडे थोडे पाजावे. दोन किलोच्या लेकराला पहिल्या दिवशी एका वेळेला दोन लहान चमचे पुरतात. पुढे रोज वाढवत जावे. बाटली नको, ती नीट धुतली जात नाही.

लेकरू उघडे करून आईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवावे. डोक्याला टोपडे घालावे, वरून पदर आणि पांघरूण घ्यावे. आई नहाणीला गेली तर बापाने घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. दूर कोलंबिया देशात बोगोटा शहरी १९७८ साली डॉक्टरांनी ही रीत सुरू केली, कारण पेट्या अपुऱ्या पडत होत्या. ती आता जगभर चालते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बायांना हे काम शिकवले. वजन करणे, ऊब देणे, पाजायला मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात लेकरांचे मृत्यू, शेजारच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी कमी भरले. आज आशाताई घरोघर येते, तिचे मूळ या कामातही आहे. ऊसतोडीला गेलात तरी तिथल्या गावच्या आशाताईला निरोप द्या.

लेकरू १८०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर घरी ठेवू नये. दूध पीत नसेल, गार पडले असेल, झटका आला असेल, तर १०८ नंबर फिरवावा. घाटीत आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत अशा लेकरांसाठी वेगळा कक्ष आहे. तिथे शिरेतून साखर देता येते. वाटेत लेकरू छातीशीच ठेवावे. गिळत असेल तर पाजत राहावे.

पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते. त्याने घाबरून वरचे दूध सुरू करू नये. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येते. तोवर लंगोट मोजावेत. आठवड्यानंतर दिवसाला सहा ओले निघत असतील, तर दूध पुरते आहे.