गरोदरपण, पोहणे आणि पॅट मॅककॉर्मिक

घरात सून गरोदर राहिली की सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, तिला कितपत हलू द्यायचं?" अशा वेळी मला हटकून पॅट मॅककॉर्मिक या अमेरिकन बाईंची आठवण होते. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. उंचावरून पाण्यात सूर मारण्याच्या खेळात, म्हणजे डायव्हिंगमध्ये, त्या एके काळी जगात पहिल्या होत्या.

त्यांचा जन्म १९३० सालचा, कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठचा. लहानपणी पुलावरून पाण्यात उड्या टाकणाऱ्या पोरांच्या टोळक्यात ही एक मुलगी असे. १९४८ च्या ऑलिंपिक संघातली जागा अगदी नगण्य गुणांच्या फरकाने हुकली. मग १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी ३ मीटरची स्प्रिंगबोर्ड, म्हणजे लवचिक फळीवरची, आणि १० मीटरच्या मनोऱ्यावरची अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. (याच स्पर्धेत पुरुषांमध्ये मनोऱ्यावरचे सुवर्ण सॅमी ली यांनी मिळवले. ते आमच्याच पेशातले, पुढे कानाचे तज्ज्ञ झाले!) १९५६ साली मेलबर्नला पॅटबाईंनी पुन्हा दोन्ही पदके घेतली. ओळीने दोन ऑलिंपिकमध्ये असा दुहेरी विजय त्यापूर्वी कोणालाच साधला नव्हता.

हा खेळ दिसतो नाजूक, पण शरीराची परीक्षा पाहणारा आहे. दहा मीटरवरून, म्हणजे साधारण तीन मजल्यांवरून पडणारे शरीर पाण्याला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. पाणी मऊ, ही आपली समजूत तेवढ्या वेगाला लागू पडत नाही. मनगटे, खांदे, कंबर, कानाचे पडदे सगळ्यांना मार बसतो. पॅटबाई रोज शंभरच्या आसपास उड्यांचा सराव करीत. डोक्याला खोक, पाठीवर जखमांचे व्रण, हललेला जबडा, मोडलेली बरगडी अशी त्यांच्या दुखापतींची यादी सांगितली जाते.

आता मुद्द्याची गोष्ट. मेलबर्नची स्पर्धा १९५६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाली आणि त्याच वर्षी, अवघ्या काही महिन्यांपूर्वी, पॅटबाईंना मुलगा झाला होता. गरोदरपणात त्यांनी पोहणे सोडले नव्हते. बाळंतपण जवळ येईपर्यंत त्या तलावात जात होत्या. पती ग्लेन हेच त्यांचे प्रशिक्षक. पुढे झालेली त्यांची मुलगी केली हिनेही १९८४ साली लॉस एंजेलिसला रौप्य आणि १९८८ साली सोलला कांस्यपदक मिळवले.

हे वाचून कोणी सुनेला उद्याच विहिरीत उडी मारायला लावू नये! उंचावरून उडी मारणे, पोटाला धक्का बसेल वा तोल जाऊन पडायला होईल असे खेळ गरोदरपणात वर्ज्यच. गर्भारपणातल्या संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात, पोट पुढे आल्याने तोलही बदलतो. संथ पोहणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. पाणी अंगाचा भार पेलते, कंबरेवर आणि गुडघ्यांवर ताण येत नाही, पायांची सूजही उतरते. तलाव नसेल तर चालणे आहेच. तब्येत ठीक असलेल्या गरोदर स्त्रीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे, बोलता येईल इतपत दम लागेल असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. रोजची वीस-पंचवीस मिनिटे झाली. त्याने वजन आटोक्यात राहते आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोकाही कमी होतो. आधीची सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. पॅटबाईंच्या मागे कैक वर्षांची मेहनत होती, हे विसरू नये.

आपल्याकडे मात्र दोन टोके दिसतात. एका घरी सुनेला पलंगावरून उतरू देत नाहीत. दुसऱ्या घरची सून नववा महिना भरेपर्यंत उसाच्या मोळ्या उचलते, आणि 'तिला सवय आहे' असे म्हणून सारे मोकळे होतात. मोळी उचलणे म्हणजे व्यायाम नव्हे. त्यात विसावा नाही, पुरेसे अन्न नाही, आणि अंगात रक्तही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा बाईला व्यायामाचा उपदेश करण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे आणि लोहाच्या गोळ्या ती खरोखर घेते ना हे पाहावे.

बाळंतपणानंतरचा सव्वा महिना विश्रांतीचा ही जुनी रीत चांगली आहे. तेवढ्या काळात गर्भाशय पूर्वस्थितीला येते. पण विश्रांती म्हणजे बाजेवर पडून राहणे असा अर्थ नको. या दिवसांत पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. म्हणून सुखरूप प्रसूती झालेल्या बाईने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खोलीत फिरावे. पाणी कमी पाजण्याची प्रथा तर बंदच करावी, कारण अंगावर पाजणाऱ्या आईला पाणी जास्त लागते. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, तेच दिवसातून तीन-चार वेळा आवळून सोडावेत. धावणे, उड्या मारणे तीन महिन्यांनंतर, हळूहळू. सिझेरियन झाले असेल तर टाके पूर्ण भरेपर्यंत बाळापेक्षा जड काही उचलू नये आणि तलावात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

वार खाली असणे, रक्तदाब वाढणे, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असणे, हृदयविकार, यांपैकी काही असेल तर व्यायामाचा निर्णय घरच्यांनी घेऊ नये. आणि व्यायाम करताना अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, छातीत दुखले, चक्कर आली, पोटात कळा आल्या किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.