गद्दार ठरविण्याचा अधिकार कोणाला?

‘गद्दार’ हा शब्द आपल्या चळवळीत फार स्वस्त झाला आहे. गट बदलला की गद्दार, तिकीट घेतले की गद्दार, भर सभेत प्रश्न विचारला तरी गद्दार. शिक्का मारणारे पुष्कळ, पुरावा मागणारा विरळा. आज वस्त्यावस्त्यांतील तरुण पोरे मोबाईलवर ‘नारुतो’ ही जपानी ॲनिमे मालिका पाहतात. वडीलधाऱ्यांना तो पोरखेळ वाटतो. आम्हाला मात्र तीत या शब्दाची कठोर उलटतपासणी सापडली, म्हणून हा लेखप्रपंच.

मासाशी किशिमोतो यांची ही चित्रकथा १९९९ ते २०१४ या काळात ७०० प्रकरणांत प्रसिद्ध झाली. तिच्यावरील दोन मालिकांचे मिळून ७२० भाग २००२ ते २०१७ या काळात प्रसारित झाले. कथा आहे कोनोहा या निंजा योद्ध्यांच्या गावाची. सेंजू आणि उचिहा या दोन घराण्यांनी मिळून हे गाव वसविले. गावप्रमुखाला होकागे म्हणतात. पहिले दोन होकागे सेंजूंचे झाले, उचिहांच्या वाट्याला ते पद कधीच आले नाही. दुसऱ्या होकागेने त्यांना गावचे पोलीस खाते दिले. मान दिल्यासारखेही झाले आणि खऱ्या सत्तेपासून दूरही ठेवता आले!

पुढे एके रात्री नऊ शेपट्यांच्या राक्षसी कोल्ह्याने गावावर हल्ला केला. उचिहांच्या डोळ्यांत त्याला ताब्यात ठेवण्याची शक्ती होती. झाले, अख्ख्या घराण्यावर संशय आला. पुरावा काय? जन्म! त्यांची वस्ती उचलून गावाच्या एका कोपऱ्यात नेली गेली, वर पाळत ठेवली गेली. खरा गुन्हेगार निघाला एक मुखवटाधारी. जन्माने तो उचिहाच, पण घरच्यांनी आणि गावानेही त्याला केव्हाच मेलेला मानले होते. एकाचा गुन्हा आणि शिक्षा साऱ्या कुळाला. कोपऱ्यात ढकललेले उचिहा मग खरोखरच उठावाची तयारी करू लागले. आधी संशय घ्यायचा, संशयाने माणूस पेटला की ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना’ म्हणायचे, ही युक्ती आमच्या वाचकांना नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले होते. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले, आणि शिक्का तर अजूनही पुसलेला नाही.

उठावाचा म्होरक्या फुगाकू, म्हणजे गावच्या पोलिसांचा प्रमुख. त्याचा थोरला मुलगा इताची गावाच्या गुप्त दलात होता. घराण्याने त्याला गावावर नजर ठेवायला सांगितले, गावाने घराण्यावर. इताचीचा मित्र शिसुई हा उठाव रक्त न सांडता थांबवू पाहत होता. गावच्या कारभारी मंडळींपैकी दान्झोने त्याचा एक डोळाच काढून घेतला. मग याच दान्झोने १३ वर्षांच्या इताचीपुढे पर्याय ठेवला: सारे घराणे तू स्वतः संपव, म्हणजे धाकटा भाऊ सासुके वाचेल, नाहीतर तोही मरेल. इताचीने आईबापांसह सर्वांना मारले, गाव सोडले आणि ‘कुलघातकी गद्दार’ हा शिक्का कपाळी घेतला. अकात्सुकी या शत्रूटोळीत शिरून तो तिच्यावर नजर ठेवीत राहिला. सासुकेने त्याच्या सूडापायी उमेदीची वर्षे जाळली. सत्य कळले ते भाऊ मेल्यावर.

वकील म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो की, आरोप ठेवला कोणी आणि त्यातून फायदा कोणाचा झाला? गावाच्या लेखी दान्झो इमानदार होता. होकागेपदाच्या उंबरठ्यापर्यंत तो पोहोचला. पण त्याच्या हातावरील पट्ट्या सुटल्या तेव्हा तिथे मेलेल्या उचिहांचे दहा डोळे बसविलेले दिसले. ज्यांना गद्दार म्हणून संपविले, त्यांचीच ताकद अंगावर मिरविणारा हा देशभक्त! आणि तिसरा होकागे? तो तडजोडीच्या गोष्टी करीत राहिला. कत्तल झाल्यावर त्याने सत्य दडवून ठेवले. अशा सज्जनांच्या मौनावरच दान्झो पोसले जातात.

याच गावात साकुमो हाताके नावाचा नामवंत योद्धा होता. एका मोहिमेत सोबत्यांचे प्राण वाचविण्यासाठी त्याने मोहीम सोडली. गावाने त्याला दोष दिला. ज्यांना वाचविले त्यांनीही दिला. अखेर त्याने आत्महत्या केली. तो गावाशी बेइमान होता की माणसांशी इमानदार?

मात्र इताचीचा जयजयकार करणाऱ्या तरुणांशी आमचा मतभेद आहे. कटाशी संबंध नसलेली लेकरे आणि म्हातारी माणसेही त्या रात्री मेली. गाव म्हणजे काय फक्त कारभारी? कोपऱ्यात ढकललेली ती वस्तीही गावच होती ना? आपल्याच माणसांचे रक्त सांडून सिद्ध करावे लागणारे इमान आम्हाला मान्य नाही. पुढे मंत्रविद्येने परत आणलेला इताची स्वतःच सासुकेला सांगतो की, आधीच सारे उघड बोललो असतो तर आईबापांना आणि घराण्यालाही वेगळ्या वाटेवर नेता आले असते. सासुकेही चुकतो. सत्य कळताच तो अख्खे कोनोहा नष्ट करायला निघतो. गावाने सर्व उचिहांना एका मापाने मोजले, तसेच तोही साऱ्या गावकऱ्यांना मोजतो.

गोलमेज परिषदेत (१९३०-३२) अस्पृश्यांचे हक्क मागितले म्हणून बाबासाहेबांनाही ‘इंग्रजांचा हस्तक’ म्हटले गेले. पुढे त्याच बाबासाहेबांच्या हाती देशाच्या संविधानाचा मसुदा आला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला. निष्ठा तत्त्वाशी असावी, व्यक्तीशी नव्हे, हाच त्याचा अर्थ. व्यक्तीशी निष्ठा ठेवणाऱ्याला मतभेद म्हणजे गद्दारीच वाटते. तत्त्वाशी निष्ठा ठेवणारा मात्र आधी आरोप, पुरावा आणि दुसरी बाजू मागतो.

याचा अर्थ गद्दार नसतातच असे नाही. समाजाची मते विकून स्वतःचे घर भरणारे आहेत आणि त्यांचा हिशेब झालाच पाहिजे. पण तो उघड्यावर, कागद समोर ठेवून आणि त्याचे म्हणणे ऐकून झाला पाहिजे. कुजबुजीवर माणूस संपविण्याची पद्धत दान्झोची आहे, बाबासाहेबांची नाही. तेव्हा समाजबांधवांनो, पुढच्या वेळी कोणी कार्यकर्त्याला गद्दार म्हटले, तर टाळी वाजविण्याआधी त्याला एकच विचारा: पुरावा कुठे आहे, आणि तुझ्या पट्टीखाली काय आहे?

जयभीम!