परकी भाषा कोणती शिकावी?

परीक्षा संपून सुट्या लागल्या, की एक प्रश्न दरवर्षी माझ्या दाराशी येतो. कधी कोणी वडील मुलीला घेऊन येतात, कधी एखादा तरुण एकटाच येतो, विचारणे मात्र एकच असते : "इतक्या परकी भाषा आहेत, त्यांतली कोणती शिकली असता सर्वांत फायद्याची?" वैद्याकडे जाऊन 'सर्वांत चांगले औषध कोणते?' असे विचारावे, त्यातलाच हा प्रकार. वैद्य आधी दुखणे विचारील. तथापि हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखाही नाही. भाषा शिकावयाची म्हणजे ऐन उमेदीतल्या तीन-चार वर्षांच्या संध्याकाळी द्यावयाच्या. शुल्क जाते ते निराळेच. गेलेले शुल्क पुन्हा मिळवता येते, संध्याकाळी काही परत मिळत नाहीत.

कित्येकांना वाटते, की डोकी मोजावी म्हणजे उत्तर मिळेल. चिनी ही ९० कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे आणि तिला मातृभाषा म्हणणारे ५० कोटींच्या घरात आहेत. आकडे खरे आहेत; पण या ९० कोटींपैकी आपल्याशी बोलावयास येणार किती, हे आकडा सांगत नाही. आखाताचेच पाहा. आपली हजारो माणसे तिकडे पोटासाठी राहतात. तेथील राजभाषा अरबी, पण आपल्या माणसाचे कचेरीतले काम इंग्रजीत होते आणि बाजारहाट हिंदीत. शिवाय पुस्तकातली अरबी निराळी आणि रस्त्यावरची निराळी. पहिली शिकून दुसरी कळत नाही.

दुसरा मार्ग बाजारभाव पाहण्याचा. यात मी स्वतः पोळलो आहे. मी तरुण असताना रशियनचा मोठा बोलबाला होता. १९५८ साली पवईला आय. आय. टी. उभी राहिली ती सोव्हिएत साहाय्याने. रशियन यंत्रे येत, त्यांच्याबरोबर तज्ज्ञ येत, आणि त्यांचे म्हणणे आपल्या माणसांना समजावून देणारा दुभाषी मानाने मिरवी. पुढे ऐंशीच्या दशकात मी चार वर्षे रोज संध्याकाळी रशियनच्या विभक्ती घोकल्या, आणि नोकरी धरण्याइतकी तयारी झाली न झाली तोच १९९१ उजाडले व सोव्हिएत संघच नाहीसा झाला. चेखव मुळातून वाचावयास मिळाला, हे खरे. पण मी वर्गात गेलो होतो तो चेखवसाठी नव्हे, पगारासाठी!

जर्मनची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी विज्ञानाची पहिली भाषा कोणती म्हणाल, तर जर्मन. रसायनशास्त्रातला बाइलस्टाइनचा अवाढव्य संदर्भग्रंथ जर्मनमध्ये असे, म्हणून आपल्याकडचे संशोधकही शब्दकोश उशाशी घेऊन जर्मन वाचावयास शिकत. १९३३ नंतर हिटलरच्या छळाने तिकडचे विद्वान देशोधडीस लागले, इंग्रजीचा वरचष्मा झाला आणि शेवटी १९८४ च्या सुमारास खुद्द बाइलस्टाइनने इंग्रजी पत्करली. आता जर्मनला पुन्हा बरकत आली आहे, पण ती विज्ञानामुळे नव्हे. चाकणला मोटारींचे जर्मन कारखाने आहेत. तिकडे वृद्धांची संख्या वाढली आणि शुश्रूषेला माणसे पुरेनात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करारही केला. म्हणजे एकाच भाषेचे मोल शंभर वर्षांत चढले, उतरले आणि भलत्याच कारणाने पुन्हा चढले. आजचा भाव पाहून वर्गात नाव घालणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की त्याचा माल बाजारात येईल तो चार वर्षांनी.

आता वेळेचा हिशोब. अमेरिकन सरकार आपल्या वकिलातींतील माणसांना भाषा शिकविते. त्यांच्या अनुभवाचा एक तक्ता आहे. कामकाजापुरती भाषा येण्यास फ्रेंच किंवा स्पॅनिशला वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात, जर्मनला त्याहून काहीसे अधिक, रशियनला सुमारे ११००, आणि चिनी, जपानी, कोरियन, अरबी यांना २२००. आपल्याकडचा संध्याकाळचा वर्ग आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास आणि वर्षातले ४० आठवडे चालतो असे धरले, तर वर्षाला २४० तास होतात. म्हणजे फ्रेंचला अडीच-तीन वर्षे, रशियनला साडेचारांवर आणि जपानीला नऊ! सहा महिन्यांत फडाफडा बोलावयास शिकवू, अशा जाहिराती लावणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

पण हा तक्ता इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी केलेला आहे. मराठी माणसाने तो जसाच्या तसा घेऊ नये. आपली मराठी आपल्याला कोठे हात देते आणि कोठे देत नाही, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

जर्मन नामांना तीन लिंगे आहेत. डेर, डी, दास. इंग्रज येथेच डोक्याला हात लावतो. आपल्याला तो, ती, ते यांचे दूध आईबरोबरच मिळालेले असते. कोणत्या नामाला कोणते लिंग हे पाठच करावे लागते. कारण तिकडे सूर्य 'ती' आणि चंद्र 'तो'. पण निर्जीव टेबलाला लिंग असतेच कशाला, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. 'मुलगी' या अर्थाचा त्यांचा शब्द नपुंसकलिंगी आहे, हे सांगून इंग्रज लोक जर्मनची थट्टा करतात. आमच्या मालवणीत 'चेडू' नपुंसकलिंगीच आहे आणि त्यावाचून कोणाचे अडलेले नाही.

रशियनचेही तसेच. 'मला थंडी वाजते', 'मला आवडते' या वाक्यांत आपण 'मी' न म्हणता 'मला' म्हणतो, तसेच रशियन माणूस म्हणतो. 'माझ्याकडे पुस्तक आहे' याची घडणही तिकडे जवळजवळ अशीच. फ्रेंचचे अनुनासिक स्वर घाटावरच्या जिभेला जड जातात, पण कोकणी बोलणाऱ्याला ते घरचेच.

सर्वांत गंमत जपानीची. 'मी पुस्तक वाचतो' हे जपानीत 'वाताशि वा होन ओ योमिमास' असे होते. 'होन' म्हणजे पुस्तक, 'ओ' हा कर्माचा प्रत्यय आणि क्रियापद शेवटी. शब्दांचा क्रम आपलाच. प्रत्ययही आपल्याप्रमाणे नामाच्या मागून येतात. लखलखणे याला ते 'पिका-पिका' म्हणतात आणि पाऊस तिकडे 'झाझा' कोसळतो. टपटप, धडाधड म्हणणाऱ्या मराठी कानाला हे परके वाटत नाही. त्याहून नवल त्यांच्या वर्णमालेचे : आ, इ, उ, ए, ओ; मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासावरून बसविलेला आहे. तेव्हा जपानी बोलणे इंग्रजाइतके आपल्याला कठीण नाही. कठीण आहे ते वाचणे. ४६-४६ अक्षरांच्या दोन लिप्या, आणि वर सर्वसाधारण व्यवहारासाठीच २१३६ चित्राक्षरे! तेथे मराठीचा काही उपयोग नाही. तेथे पाठ लागते.

मग निवड करावी कशी? ज्यांनी भाषा खरोखर कमाविल्या, त्यांनी आधी काम धरले आणि कामाने भाषा मागितली, असे बहुधा दिसते. पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणावयाचे ठरविले; इंग्रजीवरून ते सहज करता आले असते, पण त्यांना मूळ हवे होते. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत केडगावला ते काम करीत राहिल्या. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी पाली, फ्रेंच आणि जर्मन यांचा अभ्यास पुस्तकांवरून केला, बोलावयास समोर कोणी नसताना. आपल्या वेदविद्येवर युरोपात जे लिहिले गेले, त्यातला मोठा भाग जर्मनमध्ये होता. इरावतीबाई कर्वे यांनी बर्लिनला जाऊन १९३० साली डॉक्टरेट मिळविली, ती मानववंशशास्त्रासाठी. यांपैकी कोणी डोकी मोजीत बसले नाही.

मागच्या उन्हाळ्यात आलेल्या एका गृहस्थांची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत होती. तिला मी तत्काळ 'जर्मन' म्हणून सांगितले आणि तिकडे परिचारिकेला सामान्यतः बी-२ ही पायरी गाठावी लागते, तेव्हा पहिल्या दोन परीक्षांवर समाधान मानू नकोस, असेही बजावले. तिचे वडील म्हणाले, "आता तर खिशातले यंत्रच भाषांतर करते, मग हा खटाटोप कशाला?" प्रश्न वाजवी होता. पत्र वाचावयाचे, तिकीट काढावयाचे, तर यंत्र पुरे आहे आणि तेवढ्यासाठी कोणी भाषा शिकू नये. पण रात्री दोन वाजता एखादी ऐंशी वर्षांची म्हातारी दात काढून ठेवलेल्या तोंडाने कोठे दुखते ते सांगू लागली, आणि तेही तिच्या श्वाबी बोलीत, तर ते त्या मुलीलाच कळावयास हवे.

ज्यांना पोटाची निकड नाही आणि तरीही भाषा शिकावयाची आहे, त्यांच्यासाठी माझे मत निराळे आहे. ते कित्येकांना विक्षिप्त वाटेल. त्यांनी फारसी शिकावी, नाही तर पोर्तुगीज. फारसीला परकी म्हणावे की नाही हाच प्रश्न आहे. कागद, बाजार, जमीन, दरवाजा हे शब्द काढून एक दिवस मराठी बोलून पाहा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला, तो या शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत म्हणूनच. पोर्तुगिजांनी आपल्याला पाव, काजू, चावी, बादली आणि दर महिन्याचा पगार दिला, हापूसला नावही दिले. पण मुद्दा शब्दांचा नाही. मराठ्यांच्या इतिहासाचे निम्मे साक्षीदार मराठीत बोलतच नाहीत. मोगल आणि आदिलशाही दरबारांचे कागद फारसीत. गोव्याच्या दफ्तरातले पोर्तुगीजमध्ये. वेंगुर्ल्याला १६३७ पासून वखार घालून बसलेल्या डचांची पत्रे डचमध्ये. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसीतले, व पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीजमधले साहित्य उजेडात आणले, म्हणून त्या साक्षी आपल्यापर्यंत पोहोचल्या. आज जर्मनच्या वर्गाला जागा मिळत नाही आणि फारसीच्या वर्गाला विद्यार्थी मिळत नाहीत.

फारसीचे व्याकरण सोपे आहे. नामांना लिंगच नाही. छापील अक्षर महिन्याभरात वाचता येऊ लागते. अडचण हस्तलिखिताची आहे. दरबारी कारकुनांचे शिकस्ता वळण म्हणजे आमच्या मोडीचे थोरले भावंड. नुक्ते गाळलेले, एका शब्दाची शेपटी दुसऱ्यात अडकलेली. ते पुस्तकावरून येत नाही, जाणत्याशेजारी बसूनच शिकावे लागते. आणि असे जाणते आता थोडे उरले आहेत. ज्याला ही गोडी असेल त्याने पुढल्या वर्षाची वाट न पाहता याच सुटीत चौकशी करावी.