एका सेकंदाचा श्वास

रक्तदाब मोजण्याचे यंत्र आता मध्यमवर्गीय घरांत सहज आढळते. रक्तातील साखरेचे आकडे तर लोक एकमेकांना फोनवर सांगत असतात. आपल्या फुफ्फुसांची क्षमता किती आहे, हे मात्र बहुतेकांनी आयुष्यात एकदाही मोजून घेतलेले नसते. जिना चढताना धाप लागली की वयाला दोष दिला जातो आणि सकाळचा खोकला हटेना की तो 'विडीचा खोकला' म्हणून सोडून दिला जातो. डॉक्टरांकडे गेल्यावरही पुष्कळदा छातीला स्टेथोस्कोप लागतो, क्ष-किरण छायाचित्र काढले जाते आणि 'विशेष काही नाही' असे सांगून औषध लिहून दिले जाते.

ज्या आजारामुळे हे घडते, त्याचे नाव सीओपीडी. श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे आणि फुफ्फुसांतील वायुकोशांच्या भिंती झिजणे, या दोन प्रक्रिया त्यात एकत्र चालतात. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीचे १९९० साली २ कोटी ८१ लाख रुग्ण होते आणि २०१६ साली ही संख्या ५ कोटी ५३ लाखांवर पोहोचली. सुरुवातीच्या काळात हा आजार क्ष-किरण छायाचित्रात दिसत नाही आणि स्टेथोस्कोपलाही ऐकू येत नाही. तो दिसतो फुंकर मोजणाऱ्या यंत्राला, म्हणजे स्पायरोमीटरला.

हे यंत्र काही नवे नाही. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे आपला प्रदीर्घ निबंध मांडला, तेव्हा त्याने २,१३० माणसांचे श्वास मोजलेले होते. त्यांत खलाशी होते, आगीचे बंब चालवणारे होते, पोलीस, मुष्टियोद्धे आणि अनाथालयातील गरीबही होते. पाण्यात उलटे बुडवलेले भांडे आणि त्यात शिरणारा उच्छ्वास, एवढीच यंत्राची रचना. पूर्ण श्वास घेऊन माणूस जास्तीत जास्त जेवढी हवा बाहेर टाकू शकतो, तिला हचिन्सनने 'व्हायटल कपॅसिटी' म्हटले. म्हणजे जगण्याची क्षमता! नावातच भविष्यकथन होते. ही क्षमता उंचीबरोबर ठरावीक प्रमाणात वाढते आणि वयाबरोबर घटते, हे त्याने दाखवून दिले. आयुर्विमा कंपन्यांनी पॉलिसी देण्यापूर्वी ती मोजावी, असेही त्याने सुचवले.

त्याने नोंदवलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. फ्रीमन नावाचा एक धिप्पाड अमेरिकन मुष्टियोद्धा १८४२ साली इंग्लंडमध्ये आला. हचिन्सनने त्याची क्षमता मोजली, ती अर्थातच अफाट निघाली. दोन वर्षांनी पुन्हा मोजली, तेव्हा ती बरीच उतरली होती. छातीचे आवाज ऐकण्यात निष्णात असलेल्या डॉक्टरांना मात्र त्याच्यात काहीही दोष सापडला नाही. त्यानंतर सुमारे वर्षभरातच फ्रीमन क्षयाने मरण पावला. एका रुग्णावरून नियम सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु कानाला जे उशिरा कळते ते मोजमापाला आधी कळू शकते, ही कल्पना येथे प्रथम स्पष्टपणे पुढे आली.

हचिन्सनने हवेचे आकारमान मोजले, वेग मोजला नाही. ती उणीव भरून निघायला शंभर वर्षे लागली. १९४७ साली रोबेर तिफनो या फ्रेंच संशोधकाने पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, याकडे लक्ष वेधले. निरोगी तरुण आपल्या फुंकरीतील तीन चतुर्थांशाहून अधिक हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. नळ्या अरुंद झालेल्या माणसाला तेवढ्याच हवेसाठी सहा, आठ, कधी दहा सेकंदही लागतात. पाण्याच्या टाकीत पाणी भरपूर आहे, पण नळ गंजून बारीक झाला आहे, असा हा प्रकार. श्वासनलिका रुंदावणारे औषध हुंगल्यानंतरही पहिल्या सेकंदातील हवा एकूण फुंकरीच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर नळ्यांतील अडथळा कायमचा आहे असे समजतात. हा आकडा सर्व वयांना सरसकट लावल्यामुळे काही वृद्ध उगाच रुग्ण ठरतात आणि काही तरुण रुग्ण निसटतात, असा आक्षेप आहे आणि तो योग्य आहे. तरीही जगभर निदानाची व्यवहार्य रेषा म्हणून तोच चालतो.

निदान झाले, आता पुढे काय? रुग्णाला खरे तर हाच प्रश्न विचारायचा असतो. या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी दिले. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या ७९२ पुरुषांची फुंकर १९६१ पासून आठ वर्षे दर सहा महिन्यांनी मोजण्यात आली. निष्कर्षांचा सारांश १९७७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. पंचविशीनंतर प्रत्येकाचीच क्षमता वर्षाला थोडी थोडी घटते. धूम्रपान करणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत हा उतार फारच तीव्र होतो. विडी-सिगारेट सोडल्यावर गमावलेली क्षमता परत मिळत नाही, परंतु उताराचा वेग पुन्हा निरोगी माणसाइतका होतो. म्हणून 'आता सोडून काय उपयोग?' या प्रश्नाला या अभ्यासाने आकड्यांत उत्तर दिले. पंचेचाळिशीत सोडली तर फायदा मोठा आणि साठीत सोडली तरी फायदा आहेच.

मात्र हा अभ्यास लंडनच्या पुरुषांचा आणि सिगारेटचा होता, हे आपण फार काळ विसरलो. आपल्याकडे सीओपीडी म्हणजे विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याचा आजार, असे समीकरण बसले. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या पेटवून चुलीपुढे तीस-तीस वर्षे बसलेली बाई या चौकटीत कुठेच नव्हती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे तत्कालीन संचालक डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये या प्रश्नाला तोंड फोडले. जगात सुमारे १०१ कोटी लोक तंबाखू ओढतात, तर जवळपास ३०० कोटी लोक जैविक इंधनाच्या धुरात वावरतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. सीओपीडीच्या एकूण रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते, हा त्यांचा अंदाज त्या काळी अनेकांना धक्का देऊन गेला. पुढे २०१६च्या भारतीय आकडेवारीत या आजाराच्या भारापैकी सुमारे ५४ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा, घरातील धूर धरून, निघाला आणि तंबाखूचा सुमारे २५ टक्के. क्षय बरा झाल्यानंतर फुफ्फुसांत मागे राहणारी हानी, हेही आपल्याकडचे एक कारण आहे.

फ्लेचर-पेटोंच्या चित्रात २०१५ साली आणखी एक दुरुस्ती झाली. पीटर लांगे आणि सहकाऱ्यांनी दीर्घकालीन पाहण्यांच्या आधारे दाखवले, की सीओपीडीच्या जवळपास निम्म्या रुग्णांची फुफ्फुसे चाळिशीपूर्वीच अपुरी होती आणि नंतरचा उतार नेहमीच्याच वेगाचा होता. म्हणजे ही माणसे घसरून खाली आली नव्हती, मुळात पूर्ण उंचीवर चढलीच नव्हती. कमी वजनाचे जन्म, बालपणीचे न्यूमोनिया, कुपोषण आणि घरातील धूर, या सर्वांचा हिशेब पन्नाशीत चुकवावा लागतो तो असा.

पहिल्या सेकंदाचा आकडा निदानाला पुरतो, भविष्य सांगायला तोकडा पडतो. सारख्याच आकड्याचे दोन रुग्ण असतात. एक रोज मंडईत जाऊन भाजी आणतो आणि दुसऱ्याला अंघोळ करतानाही दम लागतो. दोघांचे आयुष्यमान सारखे कसे असेल? बार्तोलोमे सेली आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, स्पेन आणि व्हेनेझुएला येथील रुग्णांवर काम करून २००४ साली 'बोड' निर्देशांक मांडला. आधी २०७ रुग्णांवरून तो तयार केला आणि मग वेगळ्या ६२५ रुग्णांवर तो पारखून घेतला. त्यात चार गोष्टी मोजतात: उंचीच्या प्रमाणात वजन, पहिल्या सेकंदाची फुंकर, दम किती लागतो याची श्रेणी आणि सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो. गुण शून्य ते दहा. सात किंवा त्याहून अधिक गुण असलेल्या गटात ५२ महिन्यांत सुमारे ८० टक्के मृत्यू झाले. केवळ फुंकरीवरून केलेल्या अंदाजापेक्षा हा अंदाज निश्चितच अधिक बरोबर ठरला.

यातली चालण्याची चाचणी मला विशेष मोलाची वाटते. तिला लागतो तीस मीटरचा सरळ बोळ, एक घड्याळ आणि लक्ष ठेवणारा प्रशिक्षित माणूस. साडेतीनशे मीटर किंवा अधिक चालणाऱ्याला शून्य गुण, दीडशेही न गाठणाऱ्याला तीन. तालुक्याच्या रुग्णालयातही हे जमण्यासारखे आहे. वजनाच्या निकषाबाबत मात्र थोडे जपून असावे. बॉडी मास इंडेक्स २१ किंवा त्याखाली असेल तर एक गुण वाढतो. ज्यांच्यावरून हा निर्देशांक बेतला त्या रुग्णांत ते खालावलेल्या प्रकृतीचे लक्षण होते. आपल्या ग्रामीण भागात २१ हे जन्मभराचे वजन असू शकते. शिवाय ८० टक्के हा आकडा गटाचा आहे, समोर बसलेल्या एका माणसाची तारीख त्यातून निघत नाही. डॉक्टर त्याचा उपयोग करतात तो फुफ्फुस-पुनर्वसनाचे व्यायाम, घरी प्राणवायूची सोय, क्वचित प्रत्यारोपण, यांची वेळ ठरवण्यासाठी.

आता 'नॉर्मल' म्हणजे कोणाचे नॉर्मल, हा वादाचा मुद्दा. अहवालात 'अपेक्षित क्षमतेच्या ६८ टक्के' असे छापून येते, तेव्हा ती अपेक्षा वय, उंची, लिंग यांच्या सूत्रातून आलेली असते आणि कित्येक दशके त्यात वंशाचाही गुणक होता. त्याचा उगम फारसा अभिमानास्पद नाही. अमेरिकेतील गुलामगिरीचा समर्थक डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट याने १८५०च्या दशकात स्पायरोमीटर वापरूनच कृष्णवर्णीयांची फुफ्फुसे जन्मतः कमी प्रतीची असल्याचा दावा केला होता. गरिबी, श्रम, आहार यांचा विचार न करता हा फरक 'नैसर्गिक' मानला गेला आणि यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मुरला. २०२३ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशनिरपेक्ष जागतिक सूत्र वापरण्याची शिफारस केली.

भारतीयांच्या दृष्टीने प्रश्न आणखी अवघड आहे. येथील निरोगी माणसांची सरासरी क्षमता युरोपीयांपेक्षा कमी भरते, असे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांच्या काळापासून अनेक पाहण्यांत आढळले आहे. भारतीय सूत्र लावले तर कुपोषणाने आणि धुराने खुंटलेली फुफ्फुसे 'नॉर्मल' ठरण्याचा धोका आहे. जागतिक सूत्र लावले तर धडधाकट माणसांच्या हाती 'क्षमता कमी' असा अहवाल पडतो आणि त्यावर नोकरीची वैद्यकीय तपासणीही अडकू शकते. सुदैवाने पहिला सेकंद आणि एकूण फुंकर यांचे गुणोत्तर वंशानुसार फारसे बदलत नाही. त्यामुळे अडथळा आहे की नाही, हे निदान सूत्र बदलल्याने सहसा बदलत नाही, तीव्रतेची पायरी मात्र बदलते.

म्हणून अहवाल हाती आल्यावर आधी गुणोत्तर पाहावे, ते औषध हुंगल्यानंतरचे आहे ना हे विचारावे आणि टक्केवारी कोणत्या सूत्राने काढली ते तळाशी छापलेले असते, तेही वाचावे. पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रयोगशाळेत चाचणी केली आणि ६८चे ६१ झाले, तर टक्क्यांची तुलना करू नये. लिटरमधील आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. सूत्र बदलल्याने ते बदलत नाहीत. त्यासाठी जुना कागद जपून ठेवलेला असावा लागतो.