कार्यालयासाठी मुद्रणयंत्र : लेसर की इंकजेट?

ग्रामपंचायतीने दिलेला जन्माचा दाखला नागरिक वर्षानुवर्षे जपून ठेवतो. पावसाच्या चार थेंबांनी त्यावरील अक्षरे फुटली, तर नव्या दाखल्यासाठी हेलपाटे त्यालाच घालावे लागतात. त्यामुळे प्रिंटरची निवड हा केवळ खरेदीचा प्रश्न नव्हे.

हेवलेट-पॅकार्ड कंपनीने १९८४ साली लेसरजेट व थिंकजेट ही यंत्रे बाजारात आणली. पहिले लेसर प्रकारचे, तर दुसरे इंकजेट प्रकारचे होते. लेसर प्रिंटरमध्ये प्रकाशकिरणाने फिरत्या रुळावर विद्युतभारित प्रतिमा उमटते. तिला टोनर ही प्लॅस्टिकयुक्त भुकटी चिकटते आणि उष्णतेने वितळून कागदावर पक्की बसते. साहजिकच ती पाण्याने विरघळत नाही. इंकजेटमध्ये द्रवरूप शाईचे अतिसूक्ष्म थेंब छिद्रांतून कागदावर पडतात. विरघळणाऱ्या रंगाची शाई पाण्याने पसरते. रंगकणयुक्त शाई अधिक टिकाऊ असते.

खर्चाचा विचार करताना यंत्राच्या किमतीवर जाऊ नये. टोनरची वा शाईची किंमत भागिले त्यातून निघणारी पाने, हाच खरा हिशेब होय. समजा, ३,००० रुपयांच्या टोनरमधून १,५०० पाने निघाली, तर दर पानामागे टोनरचा खर्च २ रुपये येतो. टोनरबाबत कंपनी सांगते ती पानांची संख्या साधारणतः ५ टक्के भाग छापला जाईल असे धरून काढलेली असते. दाट तक्त्यांना टोनर अधिक लागतो. शाईची टाकी असलेल्या इंकजेटमध्ये दर पानाचा खर्च बराच कमी येतो. मात्र यंत्र दीर्घकाळ बंद राहिल्यास छिद्रांत शाई सुकते आणि ती साफ करण्यातही शाई खर्ची पडते. टोनर सुकत नाही.

वीजपुरवठ्याचाही विचार आवश्यक आहे. लेसर यंत्र तापताना काही क्षण मोठा विद्युतभार घेते. म्हणून ते संगणकाच्या लहान यूपीएसला जोडू नये. इंकजेटला वीज अल्प लागते. कागद मात्र दोहोंसाठी कोरडा हवा; पावसाळ्यात त्याचा गठ्ठा बंद ठेवावा.

सारांश, दाखले, नोटिसा व ठरावांच्या प्रती हेच मुख्य काम असलेल्या कार्यालयाने एकरंगी लेसर प्रिंटर घ्यावा. रंगीत तक्ते व छायाचित्रे नियमित छापणाऱ्या शाळेस टाकीचा इंकजेट सोयीचा ठरेल. खरेदीपूर्वी नमुन्याचे पान छापून त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तसेच टोनर वा शाई तालुक्याच्या ठिकाणी मिळते किंवा नाही, याचीही खात्री करून घ्यावी.